मिश्र फळांचा कॉबलर: कुठलं फळ किती पाणी सोडतं?

तळ्याकाठची

कॉबलर म्हणजे खाली रसाळ फळं आणि वर फुगणारं पीठ घालून भट्टीत भाजलेला अमेरिकन गोड पदार्थ. त्याच्या पाककृती जालावर पोत्यानं आहेत. तरी हा धागा काढतेय, कारण त्यातल्या बहुतेक एकाच फळाच्या असतात. पीचचा नाहीतर ब्लॅकबेरीचा. दोन-तीन फळं एकत्र आली की तीच कृती दगा देते: एक फळ टणक, दुसऱ्याचा लगदा, तळाशी पाणी आणि वरचं पीठ खालून गिच्च. लोक पिठाला दोष देतात. दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. प्रत्येक फळ आपल्या मापानं आणि आपल्या वेळेला पाणी सोडतं, त्यामुळे 'सगळी फळं एकत्र करा, साखर घाला, ढवळा, ओता' हे मिश्र कॉबलरला चालत नाही.

आम्ही मिशिगनच्या पश्चिम काठाला राहतो. लेक मिशिगनचं पाणी वसंतात उशिरा तापतं, म्हणून काठाची झाडं घाईनं फुलत नाहीत आणि उशिराच्या हिमातून मोहोर वाचतो. त्यामुळे हा सगळा पट्टा फळबागांचा. अमेरिकेतल्या आंबट चेरीपैकी निम्म्याहून बरीच जास्त या एका राज्यात होते. रेडहेवन नावाचा पीच इथल्याच साउथ हेवनच्या संशोधन केंद्रातून १९४० साली बाहेर पडला. ब्लूबेरीही भरपूर. अडचण एवढीच की आंबट चेरी जुलैत येते आणि रेडहेवन ऑगस्ट लागल्यावर. म्हणून चेरी आली की बिया काढून फ्रीझरमध्ये टाकायची आणि पीचची वाट बघायची.

९ बाय १३ इंची काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यासाठी:

पीच ७०० ग्रॅम, ब्लूबेरी ३०० ग्रॅम, बिया काढलेल्या आंबट चेरी २५० ग्रॅम, साखर १३० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३ मोठे चमचे (इथल्या दुकानात कॉर्नस्टार्च मागायचं), एका लिंबाचा रस, चिमूट मीठ.

वरच्या थराला मैदा २५० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, फ्रीजमधलं घट्ट बिनमिठाचं बटर ११० ग्रॅम, दाट ताक १८० मिली.

आता फळांकडे. पीचच्या जाड फोडी करा. साल काढायची असेल तर उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, साल हातानं निघते. मी काढत नाही. फोडींना निम्मी साखर लावून अर्धा तास मुरत ठेवा. वाटीभर तरी पाणी सुटेल. ते गाळून पातेल्यात घ्या, त्यातच चेरी आणि चेरीचं सुटलेलं पाणी, उरलेली साखर घाला आणि आटवा. निम्मं झालं की थोड्या गार पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर घालून पारदर्शक होईपर्यंत ढवळा. आच बंद. आता लिंबू, मीठ, पीच. ब्लूबेरी अगदी शेवटी, कच्ची. तिची साल भट्टीत उशिरा फुटते, तिला आधी शिजवण्यात काही मतलब नाही.

भांड्यात ओतून, वर पीठ न घालता, १९० अंश सेल्सिअसला १५ मिनिटं. फळ चांगलं गरम व्हायला हवं.

तेवढ्यात पीठ. कोरडं एकत्र करून त्यात बटर बोटांनी चोळा, मोहन चोळतो तसं, पण सगळं एकजीव करू नका, वाटाण्याएवढे खडे राहू देत. फळ बाहेर काढलं की मगच ताक घाला, चार-सहा वेळा चमचा फिरवा आणि थांबा. मळायचं नाही. मोठ्या चमच्यानं गरम फळावर ढेपसे टाका, दोन ढेपशांत बोटभर फट ठेवा. त्या फटीतून वाफ जाते. अख्खा झाकलात तर खालचं पीठ भाजणार नाही, वाफवलं जाईल.

वरून साखर भुरभुरवून पुन्हा १९० ला ३० ते ३५ मिनिटं. कडेला बुडबुडे आले म्हणून काढू नका, मध्येही यायला हवेत, कारण कॉर्नफ्लोअर उकळीजवळ गेल्याशिवाय नीट आळत नाही. बाहेर काढल्यावर पाऊण तास हात लावायचा नाही. रस निवताना दाट होतो.

---

पिठलं_आणि_बरंच_काही

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! प्रचि (प्रकाशचित्र) कुठेय? प्रचिशिवाय पाककृती म्हणजे अक्षतांशिवाय लग्न.

एक बाळबोध प्रश्न. क्रंबल आणि कॉबलर यात फरक काय? आमच्या इथल्या कॅफेत दोन्ही नावांखाली एकच पदार्थ देतात.

---

तळ्याकाठची

@पिठलं, क्रंबलवर मैदा-बटर-साखरेचा कोरडा चुरा असतो. त्यात ओट्स आले की अमेरिकन लोक क्रिस्प म्हणतात. पावाचा चुरा थरांमध्ये घातला तर बेटी. कॉबलरवर ओलसर, फुगणारं पीठ असतं. न्यू इंग्लंडात हेच चुलीवर झाकण ठेवून शिजवतात, त्याला ग्रंट किंवा स्लम्प म्हणतात, आणि वरचं पीठ डम्पलिंगसारखं मऊ राहतं. नावांवरून इथे घराघरांत वाद आहेत, तेव्हा कॅफेवाल्याला माफ करा.

प्रचि रविवारी.

---

ह्यूस्टनचा_बाप्या

कृती छान आहे, पण टेक्ससमध्ये हे वाढलंत तर लोक विचारतील, यावर बिस्किटं (इथली, मऊ पावासारखी) कुणी सांडली?

आमच्याकडचा कॉबलर असा: भांड्यात एक स्टिक बटर (११३ ग्रॅम) ठेवून भांडं भट्टीत, वितळलं की बाहेर. एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, हे घोळ करून बटरवर ओतायचं. ढवळायचं नाही. वर फळं टाकायची. तेही ढवळायचं नाही. १७५ अंशाला पाऊण ते एक तास. पीठ खालून फुगून फळांच्या वर येतं आणि कडा बटरमध्ये तळल्यासारख्या कुरकुरीत होतात. चोळणं नाही, आटवणं नाही, दहा मिनिटांचं काम.

आणि आणखी पूर्वेला, जॉर्जिया-अलाबामाकडे गेलात तर वर चक्क पायची पारी लाटून घालतात. काही घरांत पारीचे तुकडे रसात मध्येही सोडतात, ते मऊ होतात. तिथल्या आज्ज्यांना तुमचा आणि माझा दोन्ही कॉबलर मान्य नाहीत.

---

तळ्याकाठची

@बाप्या, तुमचा प्रकार मीही करते, चटकन हवा असेल तेव्हा. फक्त त्यात फळ दोन-अडीच कपांच्या वर जात नाही. जास्त घातलं तर घोळ त्या पाण्यात बुडतो आणि मध्ये खीर होते. केकमध्ये थोडं फळ हवं असेल तर तुमचा, फळावर थोडं पीठ हवं असेल तर माझा. मिश्र फळांना माझाच, यावर मी ठाम आहे.

---

शंकेखोर_शिंपी

साखर लावून फळाचं पाणी काढायचं, ते आटवायचं आणि परत त्याच फळात घालायचं. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कॉर्नफ्लोअर वाढवलं की झालं.

---

तळ्याकाठची

@शिंपी, वाढवून बघा. तेवढं पाणी आळवायला इतकं घालावं लागतं की रस धुरकट होतो आणि जिभेवर खळीसारखा लागतो. दुसरं म्हणजे पाणी आटलं की फळाची चव राहते, कॉर्नफ्लोअरनं पाणी फक्त बांधलं जातं. तिसरं, रस बाहेर उकळला म्हणून पीचला उकळावं लागलं नाही. फोड फोडच राहते.

एखादं कमी पाण्याचं फळ जास्त असेल तर हा खटाटोप करू नका. सफरचंद-क्रॅनबेरीला मी काही गाळत नाही. तिथे उलट सफरचंद पातळ चिरून आधी झाकून मऊ करावं लागतं, नाहीतर क्रॅनबेरी फुटून जाते आणि सफरचंद कच्चं राहतं.

---

साबुदाण्याची_माळ

कॉर्नफ्लोअरऐवजी साबुदाणा मिक्सरमधून अगदी बारीक करून वापरते. अमेरिकन पायमध्ये टॅपिओका घालतात ना, तेच हे. आपला साबुदाणाही त्याच कसाव्याच्या कंदाचा, सेलमकडून येतो. फळ आंबट असलं तरी याचा रस ढिला पडत नाही आणि काचेसारखा चकचकीत दिसतो. फ्रोझन फळांना तर हाच बरा. माप कॉर्नफ्लोअरइतकंच, फक्त फळात कालवून १५ मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे कण भिजतात. नाहीतर दाताखाली येतात.

---

पिठलं_आणि_बरंच_काही

म्हणजे उपासाला चालेल?

---

साबुदाण्याची_माळ

वरचा मैदा कुणाला दान देणार असाल तर चालेल. दिवे घ्या (हलकेच घ्या).

---

औंधची_ओवी

पुण्यात पीच मिळतात, पण मे-जूनमध्ये हिमाचलवरून, आणि भाव ऐकून परत ठेवते. ब्लूबेरीच्या डबीबद्दल तर न बोललेलं बरं. आपल्याकडच्या फळांचं कॉम्बिनेशन सुचवा ना कुणीतरी. ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आहे, २८ लिटरचा. अंडं नाहीये हे बघून फार बरं वाटलं.

---

वाईचा_वाटसरू

@ओवी, हा आमचा प्रांत.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, नोव्हेंबर-डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण कॉबलरसाठी ते नाव नको, माल हवा: टोपलीतली लहान, आंबटसर, आतपर्यंत लाल असलेली घ्या. मोठाल्या पांढऱ्या गाभ्याच्या नुसत्या पाणी सोडतात. स्ट्रॉबेरी एकटी घातलीत तर भट्टीत फिकी आणि लिबलिबीत होते, तिच्यात पेक्टिन (फळातला रस आळवणारा घटक) कमी. जोडीला सफरचंद द्या, रस बांधायला त्याची मदत होते. दोन भाग स्ट्रॉबेरी, एक भाग सफरचंद.

तुती हा माझा आवडता. तिखट-आंबट काही नसतं तिच्यात, म्हणून लिंबू सढळ हातानं. देठ कात्रीनं कापा, ओढलात तर हात आणि ओटा दोन्ही जांभळे.

अननस घालणार असाल तर बारीक फोडी करून कढईत कोरड्या परता, पाणी आटेपर्यंत. पुरंदरचं अंजीर मस्त लागतं, पण ते उशिरा घाला, लगेच विरघळतं.

सीताफळ घालू नका. तापवलं की कडवट होतं. रबडीवालेसुद्धा ते शेवटी, थंड झाल्यावर मिसळतात. चिकूही नको, गोडावर गोड आणि कणीदार.

---

रत्नांग्रीचा_राजा

आंब्याचं कुणीच बोललं नाही?

---

वाईचा_वाटसरू

मुद्दामच नाही बोललो.

---

देवगडकर_बाई

हापूस भट्टीत घालणाऱ्याचं तोंड बघणार नाही. त्याचा सगळा वास कच्च्यात आहे, तापवला की नुसता गोड गोळा उरतो. फारच हौस असेल तर तोतापुरी घ्या, अर्धी कच्ची. फोड टिकते, आंबटपणाही राहतो. त्यात करवंदं टाका. करवंदाला पेक्टिन भरपूर, म्हणून तर त्याची जेली होते. कॉर्नफ्लोअर निम्मं पुरतं. पिकलेली घ्या, चिरून बिया काढा आणि चीक जाईपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेवा. वेळखाऊ आहे, पण मे महिन्यात घरात रिकामी मुलं असतातच.

---

रत्नांग्रीचा_राजा

बाई, तोतापुरी? रत्नागिरीत राहून? बरं, घेतो. शेजाऱ्यांना सांगू नका.

---

जांभळी_जीभ

मी जांभूळ आणि प्लम घालून केलं, साधारण तळ्याकाठची यांच्या कृतीनंच. चव झकास. पण पीठ जिथे रसाला टेकलं तिथे हिरवट-निळं दिसायला लागलं. लेकीनं बुरशी म्हणून खाल्लंच नाही. हे काय आहे?

---

रसायनवाला_रम्या

बुरशी नाही, बिनधास्त खा. जांभूळ, ब्लूबेरी, तुती यांचा रंग अँथोसायनिनचा. आम्लात तो लाल-जांभळा असतो, अल्कलीत निळा आणि मग हिरवट होतो. तुमच्या पिठात सोडा जास्त झाला असणार किंवा ताक पुरेसं आंबट नसेल, म्हणजे सोड्याला जोडीदार मिळाला नाही. ताजं गोड ताक असेल तर सोडा काढून टाका, त्याऐवजी बेकिंग पावडर एक छोटा चमचा वाढवा. आणि सोडा चाळून घाला. गुठळी राहिली तर तेवढ्याच जागी हिरवा ठिपका उठतो.

अवांतर: लाल कोबी चिरून त्यावर सोडा टाकून बघा, लेकीला दाखवायला बरं.

---

संत्रानगरी_४६

नागपूर. मे महिना. बाहेर ४५, स्वयंपाकघरात त्याहून कमी नाही. 'घट्ट बटर बोटांनी चोळा' वाचून हसू आलं. पाकिटातून काढेपर्यंत त्याचं तूप होतं.

---

तळ्याकाठची

@संत्रानगरी, बोटं लावूच नका. बटर फ्रीझरमध्ये दगड होऊ द्या, मैद्याची परातही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, आणि किसणीवर बटर थेट मैद्यात किसा. काट्यानं हलवा. तेही जमणार नसेल तर सरळ ह्यूस्टनच्या बाप्याचा प्रकार करा, त्यात बटर वितळवायचंच असतं. टेक्ससच्या उन्हाळ्यात तो का टिकला ते तुम्हाला लगेच कळेल.

---

औंधची_ओवी

@वाटसरू, धन्यवाद, वाचनखूण साठवली.

आता ओटीजीचं सांगा कुणीतरी. माझ्याकडे ८ इंची चौकोनी काचेचं भांडं आहे. आणि बटर मीठवालंच आहे घरात.

---

मावेवाली_मावशी

@ओवी, ८ इंचीला सगळं निम्मं. मीठवालं बटर चालेल, मग पिठात वरून मीठ घालू नका.

ओटीजी दोन्ही रॉड लावून १५ मिनिटं आधी तापवा. भांडं मधल्या जाळीवर. लहान ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, २० मिनिटांत वरून तांबूस होईल आणि आत पीठ ओलंच असेल. तेव्हा वर फॉईल सैलसर टाका आणि खालचा रॉड चालू ठेवा. झालं का ते बघायला एक ढेपसा मधोमध फोडा. खालची बाजू चिकट पिठासारखी दिसली तर आणखी आठ-दहा मिनिटं.

मावे (मायक्रोवेव्ह) असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोड, १८० ला. कॉम्बोच्या फंदात पडू नका, पीठ रबर होतं.

काचेचं भांडं फ्रीजमधून काढून थेट गरम भट्टीत घालू नका, तडकतं. आणि ॲल्युमिनियमचा डबा नको. आंबट फळ त्याला लागलं की धातूची चव येते.

---

कणीकप्रेमी

मैद्याऐवजी कणीक? साबांना (सासूबाईंना) मैदा चालत नाही.

---

तळ्याकाठची

चालते. निम्मी कणीक-निम्मा मैदा छान, पूर्ण कणीक खमंग पण जड. कणीक जास्त पाणी पिते, ताक दोन-तीन चमचे वाढवा आणि ढेपसे टाकण्याआधी पाच मिनिटं थांबा. ज्वारी घालायची तर पाव भागाच्या वर नको, चुरा होतो.

---

शिकागोतला_भाडेकरू

तुम्ही सगळे बागायतदार. मी विद्यार्थी, माझ्याकडे फ्रूट कॉकटेलचा टिन आहे. होईल का?

---

ह्यूस्टनचा_बाप्या

होईल, आणि माझ्याच पद्धतीनं कर. टिनमधला पाक पूर्ण गाळ, फळं दहा मिनिटं चाळणीत ठेव, साखर निम्मी कर. चेरी शोधत बसू नकोस. अमेरिकन सरकारी मानकानुसार त्या टिनात पीच ३० ते ५० टक्के, पेअर २५ ते ४५, द्राक्षं ६ ते २०, अननस ६ ते १६, आणि चेरी फक्त २ ते ६ टक्के. त्या दोन चेरींवरून आमच्या घरी दरवेळी भांडण.

पेअर आणि द्राक्षं फार फिकी लागतात, म्हणून लिंबाची किसलेली साल आणि चिमूट जायफळ घाल.

---

निखारा

कॅम्पिंगचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कॉबलर मुळात जाड बिडाच्या डच ओव्हनचा पदार्थ आहे, भट्टी नसलेल्या वसाहतवाल्यांचा. इंग्लंडातल्या पुडिंगांचं साहित्य आणि साधनं हाताशी नव्हती, मग जे फळ मिळेल त्यावर पिठाचे गोळे टाकून निखाऱ्यावर शिजवायचे. अजूनही कॅम्पवर असाच करतात. झाकणाला कड असते, त्यावर निखारे ठेवायचे.

हिशेब सोपा आहे: भांड्याचा व्यास इंचांत घ्या, त्यात तीन मिळवा, तेवढे कोळशाचे गोळे झाकणावर. तीन वजा करा, तेवढे खाली. १२ इंचीला वर १५, खाली ९. साधारण १७५ अंश मिळतात. अधूनमधून भांडं पाव वळसा एकीकडे आणि झाकण पाव वळसा दुसरीकडे फिरवा. वर जास्त का, तर खाली फळाची साखर पटकन जळते.

---

देवगडकर_बाई

@निखारा, हे तर आमचं धोंडस! जून तवसं (काकडी) किसून, गूळ-रवा घालून जाड बुडाच्या पातेल्यात, वर झाकणावर निखारे. आई करवंटीचे निखारे घ्यायची, ते एकसारखे धगधगतात. आता गॅसवर तवा ठेवून करतो, पण वरून ती लाली येत नाही.

---

निखारा

बाई, १० इंची बिडाचं भांडं असेल तर वर १३, खाली ७. धोंडस करून कळवा.

---

जांभळी_जीभ

@रम्या, ताक गोडंच होतं, तुमचं बरोबर. सोडा काढून पुन्हा केलं, रंग नीट आला. लेकीला कोबी दाखवला, आता ती घरातल्या सगळ्या भाज्यांवर सोडा टाकतेय.

उरलेला किती दिवस टिकतो?

---

तळ्याकाठची

फ्रीजमध्ये तीन दिवस, पण वरचं पीठ दुसऱ्याच दिवशी ओलसर होतं. मावेत तापवू नका, ओटीजीत १६० ला दहा-बारा मिनिटं, उघडंच. पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी तयारी करायची असेल तर खालचं फळ आटवून फ्रीजमध्ये ठेवा, कोरडं पीठ बटर चोळून वेगळ्या डब्यात. दुसऱ्या दिवशी फळ पातेल्यातच आधी कढत करा, मग भांड्यात ओतून वर ढेपसे. ताक मात्र अगदी शेवटच्या मिनिटाला.

प्रचि टाकायचं राहिलंय, माहीत आहे. या रविवारी चेरीची शेवटची पिशवी काढतेय.